सर्व्हरने सुचवलेली स्क्रिप्ट : आधी वाचावी, मग चालवावी

आज्ञावली लिहायला शिकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या हाती कधी ना कधी 'गिट' येते. एखाद्या कामाच्या सर्व आवृत्त्या जपून ठेवणारी ही प्रणाली लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी २००५ साली लिनक्सच्या कामासाठी लिहिली. मूळ भांडार सर्व्हरवर असते. प्रत्येक जण त्याची प्रत, म्हणजे 'क्लोन', आपल्या संगणकावर घेतो, बदल करतो आणि ते सर्व्हरकडे परत पाठवतो. या देवाणघेवाणीतील एका छोट्या पण महत्त्वाच्या भागाची आम्ही येथे चिकित्सा करणार आहोत. काही कामे आपोआप करणाऱ्या स्क्रिप्ट सर्व्हर वापरणाऱ्याला सुचवतो. त्या तो कशा सुचवतो आणि ती रीत कितपत योग्य आहे?

अशा स्क्रिप्टला गिटमध्ये 'हुक' म्हणतात. बदलाची नोंद करण्यापूर्वी 'प्री-कमिट' हा हुक चालतो, तर नोंदीसोबतचा मजकूर तपासायला 'कमिट-मेसेज' हा हुक असतो. हे दोन्ही वापरणाऱ्याच्या संगणकावर चालतात. 'प्री-रिसीव्ह' हा मात्र सर्व्हरवर चालतो आणि आलेला बदल स्वीकारायचा की नाही हे ठरवतो.

आता मुख्य गोष्ट. भांडाराची प्रत घेतली की सर्व फायली आणि सर्व इतिहास येतो, पण हुक येत नाहीत. ही उणीव नसून हेतुपुरस्सर ठेवलेली मर्यादा आहे. प्रत घेताच परक्याची स्क्रिप्ट आपल्या संगणकावर चालू लागली, तर ती आपल्या फायली पुसू शकेल किंवा बाहेर पाठवू शकेल. ही भीती काल्पनिक नाही. डिसेंबर २०१४ मध्ये आणि पुन्हा मे २०२४ मध्ये गिटमधील असे दोष दुरुस्त करावे लागले. लहान-मोठी लिपी एकच मानणाऱ्या फाइल-व्यवस्थांवर दुष्ट हेतूने रचलेल्या भांडाराला गिटच्या खासगी फोल्डरमध्ये लिहिता येत होते. २०२४ च्या दोषात तर प्रत घेत असतानाच हुक चालवता येत होता.

तेव्हा तत्त्व बरोबर आहे. आमची तक्रार आहे ती त्यापुढच्या मौनाबद्दल. या प्रकल्पाने काही हुक सुचवले आहेत, ते अमुक ठिकाणी आहेत, पाहून घ्या, असे सांगण्याची सोय गिटने प्रत घेताना ठेवलेली नाही. मग प्रत्येक प्रकल्प आपली पळवाट शोधतो.

यातील सर्वांत विचारपूर्वक केलेली रीत 'गेरिट' या परीक्षण-सर्व्हरची आहे. गेरिटमध्ये प्रत्येक बदलाच्या मजकुरात 'चेंज-आयडी' नावाची ओळ लागते. बदलात दुरुस्ती केली की गिटचा ४० अंकाक्षरी ओळख-क्रमांक बदलतो. चेंज-आयडी मात्र तोच राहतो. म्हणून जुना व सुधारलेला बदल एकच आहेत हे परीक्षकाला कळते. ही ओळ नसेल तर सर्व्हर बदल नाकारतो. सर्व्हरचा निरोप वापरणाऱ्याच्या पडद्यावर 'रिमोट' या शब्दामागोमाग उमटतो. ओळ गहाळ आहे, ती आपोआप घालण्यासाठी हुक बसवा, असे सांगून त्याखाली तो हुक सर्व्हरवरून उतरवून योग्य फोल्डरमध्ये ठेवणारी आज्ञा तयारच दिलेली असते.

या निरोपाचे गुण मान्य केले पाहिजेत. तो गरजेच्या नेमक्या क्षणी येतो, नकाराचे कारण सांगतो, उपाय देतो, आणि तो उपाय करण्याचा निर्णय वापरणाऱ्याकडेच ठेवतो. पण आज्ञा इतकी तयार असते की ती न वाचताच चिकटवली जाते. उतरवलेली फाइल उघडून कशी पाहावी किंवा नको असल्यास कशी काढावी, याबद्दल निरोपात शब्दही नाही. हा हुक छोटा आणि वाचून समजण्याजोगा आहे, म्हणून तर हे अधिकच खटकते. सर्व्हरने सांगितले की चिकटवायचे, ही सवय एकदा जडली की दुसऱ्या, कमी सज्जन सर्व्हरपुढेही ती सुटत नाही.

दुसरी पळवाट आम्हाला अधिक घातक वाटते. २०१६ सालच्या २.९ या आवृत्तीपासून हुकांचे फोल्डर कोणते हे ठरवण्याची सोय गिटमध्ये आली. अनेक प्रकल्प हुक भांडारातल्याच एका फोल्डरमध्ये ठेवतात आणि गिटला तिकडे बोट दाखवायला सांगतात. काही साधने तर इतर सामग्री बसवताना हे काम परस्पर उरकतात. येथे संमती एकदाच दिली जाते आणि ती पुढच्या सर्व आवृत्त्यांना लागू होते. उद्या कोणी त्या फोल्डरमधील स्क्रिप्ट बदलली, तर ताजे बदल घेताच नवी स्क्रिप्ट न विचारता चालू लागेल. गेरिटचा हुक जुना होईल, पण आपण वाचला तसाच राहील.

आमचे मत असे, की जो नियम सर्वांनी पाळलाच पाहिजे तो सर्व्हरनेच तपासावा. वापरणाऱ्याकडील प्री-कमिट व कमिट-मेसेज हे हुक 'नो-व्हेरिफाय' हा पर्याय देऊन टाळता येतात, त्यामुळे ते केवळ सोयीपुरते समजावेत. आणि सर्व्हर स्क्रिप्ट सुचवणार असेल, तर त्याच्या निरोपात चार गोष्टी असाव्यात : स्क्रिप्ट काय करते, कोठे बसते, वाचावी कशी आणि काढावी कशी. प्रयोगशाळेत चिठ्ठी नसलेल्या बाटलीतले रसायन आपण विद्यार्थ्याला हाताळू देत नाही. येथेही तीच शिस्त हवी.

शिक्षकांना हा विषय वर्गात अर्ध्या तासात दाखवता येईल. एक रिकामे भांडार तयार करून त्यातील लपलेल्या गिट फोल्डरमधला हुकांचा विभाग उघडावा. तेथे 'सॅम्पल' असे शेपूट लावलेले नमुने सहसा असतात. एका नमुन्याचे वाचन करावे. मग नेहमी नकार देणारा दोन ओळींचा प्री-कमिट हुक लिहून, त्याला चालवण्याची परवानगी देऊन, नोंद अडते हे दाखवावे. शेवटी त्या भांडाराची प्रत घेऊन तिच्यात नोंद करून पाहावी. ती विनातक्रार होते. का होते, याचे उत्तर विद्यार्थ्यांनाच शोधू द्यावे.