जुळणं आणि जमणं

तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालेला माणूस ड्रम अँड बेसवर काय बोलणार, असं काहींना वाटत असेल. माझ्या नातवालाही तसंच वाटलं होतं. तो एका गाण्यातून दुसऱ्या गाण्यात जायची खटपट करत होता. एक गाणं त्याला मनापासून आवडायचं, पण ते त्याने बाजूला ठेवलं. का, तर "आजोबा, की जुळत नाही." मी विचारलं, "ऐकून पाहिलंस?" त्याने ऐकलं नव्हतं, पडद्यावरचा आकडा वाचला होता. आजचं बोलणं त्या न ऐकण्याविषयी आहे.

आधी पद्धत समजून घेऊ. न समजता केलेली टीका ही टीका नसते, निंदा असते.

हे संगीत १९९०च्या दशकात इंग्लंडमध्ये, जंगल नावाच्या प्रकारातून घडलं. आज यातली बहुतेक गाणी मिनिटाला १७४ ठोक्यांच्या आसपास असतात. आपल्या भाषेत सांगायचं तर बेस पुष्कळदा ८७च्या लयीत चालतो आणि वर ड्रम्स दुगुन करतात. त्यामुळे गती जुळवणं तुलनेनं सोपं. खरी अडचण स्वराची. तबकडीची गती वाढवली की स्वरही चढतो. १६५चं गाणं १७५वर नेलंत, तर काळी एकचा गायक पांढरी दोनला जाऊन बसतो! आता सॉफ्टवेअर गती बदलूनही स्वर जागच्या जागी ठेवतं, आणि गाण्याची पट्टीही सांगतं.

त्यासाठी कॅमलॉट चक्र वापरतात. घड्याळासारखे बारा आकडे. ए म्हणजे मायनर, बी म्हणजे मेजर. ८ए म्हणजे ए मायनर, ९ए म्हणजे ई मायनर. नियम असा, की त्याच घरात राहा, नाहीतर शेजारी जा. यात तथ्य आहे, कारण शेजारच्या दोन पट्ट्यांत सातपैकी सहा स्वर समान असतात.

मग माझा आक्षेप कुठे आहे? पहिला बेसबद्दल. चक्राच्या मते ८ए आणि ९ए शेजारी. पण बेसमधला ए सेकंदाला ५५ कंपनांचा, त्याखालचा ई सुमारे ४१चा. दोन्ही एकत्र वाजले की संवाद ऐकू येत नाही, नुसती घरघर होते. म्हणून जाणता डीजे एकाचा बेस काढून घेतो, मगच दुसऱ्याचा सोडतो. दुसरा आक्षेप असा, की चक्र अख्ख्या गाण्याला एकच आकडा देतं. पण या गाण्यांत नुसते ड्रम्स वाजतात अशा लांब जागा असतात. तिथे पट्टीचा प्रश्नच फारसा उरत नाही. तिसरा, चक्राला सम कळत नाही. अँडी सी हा डीजे दोन गाण्यांचे ड्रॉप एकाच क्षणी आणण्यासाठी नावाजला जातो. ते येणं कोणत्याही आकड्यात नाही.

कांटने १७९०मध्ये निर्णयशक्तीवरच्या आपल्या ग्रंथात मांडलं, की एखादी गोष्ट सुंदर आहे हे मान्य करायला लावणारा नियम असू शकत नाही. आपल्याकडे पत्रिका पाहणाऱ्यांनाही हे ठाऊक आहे. छत्तीस गुण जुळतात, आणि तरी जमत नाही. जुळणं मोजता येतं. जमणं अनुभवावं लागतं.

कुणी म्हणेल, नवशिक्याला आधार नको का? हवाच. माझं भांडण आधाराशी नाही, आधारालाच पाय समजण्याशी आहे.

शेवटी नातवाने ती दोन गाणी लावली. आधी चक्क बिघडलं. दोन सुरावटी एकमेकींवर आदळल्या; म्हणजे आकडा खोटा नव्हता. मग त्याने पहिल्या गाण्याची सुरावट संपू दिली, नुसते ड्रम्स उरल्यावर दुसरं आत घेतलं, आणि त्याचा बेस अगदी समेवर सोडला. जमलं. अडचण आहे, हे आकड्याने बरोबर सांगितलं होतं. वाट आहे, हे मात्र कानानेच सांगितलं.