हाक आणि थरकाप : तांबे व मुक्तिबोध

मरणविषयक काव्याची चर्चा करताना आपली टीका बहुधा एकच प्रश्न विचारते : कवीने भयावर मात केली की नाही? केली असे दिसल्यास ती श्रद्धेची कविता, न दिसल्यास वैफल्याची, अशी ही सोयीची वाटणी आहे. वस्तुतः श्रद्धा आणि भय ही एकाच कवितेत नांदू शकतात. जुन्या ग्वाल्हेर संस्थानात जन्मलेल्या दोन मराठी कवींच्या आधारे हे पाहता येईल.

भा. रा. तांबे १९४१ साली निवर्तले. त्यांची ‘नववधू’ ही कविता वाच्यार्थाने सासरी निघालेल्या मुलीची आहे. रसिकांनी तिच्यात जीवाचे परलोकप्रयाण पाहिले, तेही योग्यच आहे. परंतु रूपक गोड आहे म्हणून कविता निर्भय आहे, हा निष्कर्ष घाईचा होय. वर हाच आपला आधार, हे या वधूला पुरते ठाऊक आहे. तरी माहेरच्या बागेचा लोभ सुटत नाही. त्याचे चित्र ती उराशी धरते, सजवते, त्यातच सुखावते. त्याने स्वतः बोलावले की मात्र कापू लागते. श्रद्धेची प्रतिमा बाळगणे आणि श्रद्धेयाच्या स्वाधीन होणे यांतील अंतर येथे नेमके पकडले आहे. शेवटीही तिने भय जिंकलेले नाही. ते हरण करण्याची विनवणी ती त्यालाच करते.

गजानन माधव मुक्तिबोध (१९१७–१९६४) यांचे घराणे मराठी. धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीत कवी झाले. गजाननरावांनी हिंदी स्वीकारली. भिलाईहून जवळच असलेल्या राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात त्यांनी अखेरची वर्षे अध्यापन केले. मृत्यूच्याच वर्षी निघालेल्या ‘चाँद का मुँह टेढ़ा है’ या संग्रहातील ‘अँधेरे में’ या दीर्घ कवितेतही कुणी बोलावणारा आहे. तो दाराची कडी वाजवतो. नायकाला त्याची ओढ आहे; पण तो ज्या उंचीवर नेईल तिची धास्ती आहे आणि स्वतःच्या दुबळेपणाचा लळाही आहे. अखेर दार उघडावे, तर बाहेर केवळ काळोख. मग सैनिकी दहशतीखालच्या शहरात, दुःखितांच्या चेहऱ्याचेहऱ्यात, त्याचा शोध सुरू होतो.

थरकाप दोघांचाही एकच. भेद आहे तो ऐकणाऱ्याचा. वधूचा विलंब सोसणारा कुणी तरी आहे, म्हणून तिचे भय प्रार्थनेचे रूप घेऊ शकते. मार्क्सवादी मुक्तिबोधांच्या नायकाला क्षमा करणारा कुणी नाही. त्यामुळे त्याचे भय अपराधाची जाणीव होऊन त्याला रस्त्यावर आणते. श्रद्धा गेल्याने भय जात नाही. जातो तो विनवणीचा आश्रय. त्या अभावातूनही मुक्तिबोध निराशेकडे न जाता शोधाकडे वळतात, हे त्यांचे सामर्थ्य होय.

अनुवादकाला हा भेद जपावा लागतो. मुक्तिबोधांनी त्या आगंतुकाला गुरूही म्हटले आहे. संतवाणीत मुरलेल्या मराठी कानाला त्यापुढे ‘दर्शन’, ‘कृपा’ हे शब्द सहज सुचतात. ते वापरले तर कविता मधुर होईल, पण रिकाम्या दारापाशी उभ्या असलेल्या माणसाला आपण परस्पर एक देव बहाल केलेला असेल. तसेच तांब्यांच्या वधूचे कापणे केवळ लटकी लज्जा म्हणून वाचले, तर तिच्या श्रद्धेचे मोलही आपण घालवून बसू.