‘फिनिक्स’चा अभियंता आणि रबराचे विमान

विमानांवरचे चित्रपट पुष्कळ आहेत. पण ज्याची सगळी कथा विमानाच्या प्रतिकृतीपाशी येऊन अडते, असा ठळक चित्रपट आम्हांला एकच माहीत आहे. तो म्हणजे रॉबर्ट ऑल्ड्रिच यांनी १९६५ साली केलेला ‘द फ्लाइट ऑफ द फिनिक्स’. एलेस्टन ट्रेव्हर यांच्या १९६४ च्या कादंबरीवर तो बेतलेला आहे. वादळात सापडलेले एक मालवाहू विमान सहारा वाळवंटात कोसळते. पाणी थोडे, मदत येण्याची आशा नाही. प्रवाशांत डॉर्फमान नावाचा एक जर्मन तरुण असतो. मोडलेल्या विमानाच्या शाबूत भागांतून दुसरे लहान विमान बांधता येईल असे तो म्हणतो, आणि मरणाच्या दारातली ही माणसे कामाला लागतात. विमान बरेचसे उभे राहिल्यावर साध्या बोलण्यातून वैमानिकाला कळते की हा ‘विमान-अभियंता’ खेळण्याएवढ्या विमानांच्या कारखान्यात आराखडे काढतो. त्याने आखलेले सर्वांत मोठे विमान दोन मीटर पंखांचे!

वैमानिकाचा चेहरा उतरतो. डॉर्फमान मात्र शांत असतो. खेळणे वेगळे आणि प्रतिकृती वेगळी, असे तो ऐकवतो. दोन्हींची तत्त्वे एकच आहेत, उलट प्रतिकृतीत वैमानिक नसल्यामुळे तिला स्वतःच स्वतःला सावरावे लागते, म्हणून तिचा आराखडा अधिक काटेकोर असावा लागतो, असा त्याचा युक्तिवाद. जेम्स स्ट्युअर्ट आणि हार्डी क्रूगर यांच्या अभिनयामुळे हा प्रसंग चित्रपटातला सर्वांत चांगला झाला आहे. विज्ञान शिकवणाऱ्याने तो जरूर पाहावा. मात्र डॉर्फमानचे म्हणणे जसेच्या तसे वर्गात नेऊ नये. त्यात एक गोष्ट अगदी खरी आहे, एक साफ चुकीची आहे, आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट तो बोलतच नाही.

खरी गोष्ट स्थैर्याची. हातातून सुटलेल्या विमानाचे नाक वाऱ्याने वर उचलले गेले, तर ते खाली आणायला आत कोणी बसलेले नसते. ते काम शेपटीने आणि गुरुत्वमध्याच्या जागेनेच करायचे असते. पंखांची टोके थोडी वर वळवली, तर एका बाजूला कललेले विमान पुन्हा सरळ होऊ पाहते. खऱ्या विमानाला ही अट इतकी कडक नाही. राइट बंधूंचे १९०३ चे विमान मुळातच अस्थिर होते, वैमानिकाने क्षणाक्षणाला सावरले म्हणून ते उडाले. त्याची हुबेहूब प्रतिकृती करून रबर पिळून सोडली, तर ती बहुधा हातभर अंतरावरच नाक घासेल. तेव्हा ‘हे तर खेळणे’ म्हणून हसणाऱ्याला डॉर्फमान जे उत्तर देतो, ते योग्यच आहे.

चुकीची गोष्ट इतिहासाची. हेन्सन आणि स्ट्रिंगफेलो या इंग्रजांनी १८५१ साली रबरावर चालणारी प्रतिकृती सहाशे मीटर उडवली, असे तो ठासून सांगतो. प्रत्यक्षात स्ट्रिंगफेलोचा गाजलेला प्रयोग १८४८ चा, तोही वाफेच्या इंजिनाचा. एका गिरणीच्या दालनात तारेवरून सोडलेले ते यंत्र खरोखर मोकळे उडाले की नाही, यावर आजही वाद आहे. १८५१ पर्यंत हेन्सन तर इंग्लंड सोडून अमेरिकेला गेलाही होता. रबराचा मान आल्फॉन्स पेनो या फ्रेंच तरुणाचा. १८ ऑगस्ट १८७१ रोजी पॅरिसच्या त्विलेरी बागेत त्याने आपले ‘प्लॅनोफोर’ उडवले. पंखांची लांबी सुमारे ४५ सेंटिमीटर, वजन १६ ग्रॅम आणि त्यातले ५ ग्रॅम नुसते रबर! ते ११ सेकंदांत सुमारे ४० मीटर गेले. पेनो तेव्हा एकवीस वर्षांचा होता. पंखापेक्षा शेपटी थोड्या उण्या कोनात बसवायची, ही त्याची युक्ती आजची रबराची विमानेही वापरतात. पटकथाकाराला सहाशे मीटर हवे होते. आम्हांला विचाराल तर त्या ४० मीटरांची गोष्ट जास्त चांगली आहे.

आणि डॉर्फमान बोलत नाही ती गोष्ट आकाराची. १८७८ साली राइट बंधूंना वडिलांनी एक खेळणे आणून दिले. बूच, बांबू आणि कागद यांचे, रबराने फिरणारे, पेनोच्याच धर्तीचे. मुलांनी त्याच्या मोठमोठ्या नकला केल्या. जितकी मोठी नक्कल तितकी ती कमी उडू लागली. कारण सोपे आहे, पण चटकन सुचत नाही. प्रत्येक माप दुप्पट केले की पंखांचे क्षेत्रफळ चौपट होते आणि वजन आठपट. मग उडण्यासाठी लागणारा वेग सुमारे १.४ पट होतो आणि शक्ती तर अकरापटीहून अधिक लागते. म्हणजे ‘तत्त्वे एकच’ हे खरे, पण लहानाचे मोठे करताना आकडे एका प्रमाणात बदलत नाहीत. मोठ्याचे लहान करतानाही बदलत नाहीत, आणि रबरावर उडणाऱ्या हुबेहूब प्रतिकृतींचा सारा छंद या दुसऱ्या अडचणीभोवती फिरतो.

‘पीनट’ म्हणजे शेंगदाणा, या नावाचा एक वर्ग या छंदात लोकप्रिय आहे. त्यात पंखांची लांबी १३ इंच, म्हणजे सुमारे ३३ सेंटिमीटर असते. त्या मापात ‘पायपर कब’ हे साधे दोन आसनी विमान करून पाहू. खऱ्या विमानाचे पंख सुमारे १०.७ मीटर, तेव्हा प्रमाण साधारण १:३२. माणसांसह भरलेल्या विमानाचे वजन सुमारे ५५० किलो. त्याला ३२ च्या घनाने भागले की सुमारे १७ ग्रॅम येतात. गणिताने हुबेहूब वजन हेच. पण मुरलेला कारागीर हे विमान आठ-नऊ ग्रॅमांत बसवायला धडपडतो. सतरा ग्रॅम झाले तर सरळ उड्डाणाला लागणारी शक्ती जवळजवळ पावणेतीन पट होते. एक ग्रॅम चांगले रबर पिळून आठ-दहा ज्यूलच ऊर्जा साठवते. स्वतःचेच वजन आठशे मीटर वर न्यायला ती पुरेल, पण बरोबर सगळे विमान न्यायचे असते!

त्यात हवा आडवी येते. विमान बत्तीसपट लहान करता येते, हवेचा चिकटपणा लहान करता येत नाही. पंखाची रुंदी आणि वेग यांचा गुणाकार करून त्याला हवेच्या श्यानतेशी ताडून पाहिले की रेनॉल्ड्स अंक मिळतो. खऱ्या ‘कब’साठी तो तीस लाखांच्या वर जातो, पाच सेंटिमीटर रुंद पंखाच्या प्रतिकृतीसाठी तेरा हजारांच्या आसपास राहतो. इतक्या खाली खऱ्या विमानाचा जाड, गुबगुबीत पंख नीट काम करत नाही. पातळ, किंचित वाकवलेला पंख त्याहून बरा.

म्हणून उडणारी ‘हुबेहूब’ प्रतिकृती कधीच पुरती हुबेहूब नसते. ‘कब’चा प्रोपेलर प्रमाणात साडेपाच-सहा सेंटिमीटर भरतो. रबराला मात्र सावकाश फिरणारा मोठा प्रोपेलर मानवतो, म्हणून तो बारा-पंधरा सेंटिमीटरांचा लावतात. तो जमिनीला लागू नये म्हणून चाकांचे पाय लांबवतात. खाली पंख असलेल्या लढाऊ विमानांत शेपटी वाढवतात, पंखांची टोके अधिक उचलतात. पिळलेले रबर सुटताना सुरुवातीला जोराचा हिसका देते, तो सोसण्यासाठी प्रोपेलरचा आस जरासा खाली आणि बाजूला वळवतात. इतके करून ते ‘कब’च दिसले पाहिजे! कुठे खरे राहायचे आणि कुठे खोटे बोलायचे, हे ठरवण्यातच या कलेचा कस लागतो. चित्रपटाने डॉर्फमानला या कसाबद्दल एक वाक्य दिले असते, तर तो नुसता हट्टी न वाटता खरा कारागीर वाटला असता.

पडद्यावरचे विमान खरेच बांधलेले होते. त्यासाठी बीचक्राफ्टचे पंख आणि टी-६ चे इंजिन व चाके वापरली होती. ८ जुलै १९६५ रोजी चित्रीकरणाच्या वेळी ते मोडून वैमानिक पॉल मँट्झ मरण पावला. लहान विमान आपटले तर तुकडे गोंदाने जोडता येतात. आकार लहान तितका सांगाडा तुलनेने मजबूत, हेही त्या घन-वर्गाच्या हिशेबाचेच फळ.

हे सगळे शिक्षकांना सांगण्याचे कारण असे. दुकानातून आणलेला संच मुले मन लावून जोडतात. कित्येक संचांतले बाल्सा लाकूड जड असते, प्रोपेलर प्लॅस्टिकचा असतो, वर मुले गोंद आणि रंग सढळ हाताने लावतात. विमान चार हात जाऊन पडते. मुलाला वाटते आपला हात वाईट. शाळेतही ते प्रदर्शनाच्या टेबलावर ‘शोभेची प्रतिकृती’ म्हणून जाते आणि पुन्हा हवेत जात नाही. सोनाराच्या काट्यावर ते एकदा तोलले असते, तर हाताचा दोष नसून बारा ग्रॅम जादा वजनाचा आहे, हे लगेच दिसले असते.

तेव्हा पहिले विमान कोणाचीही नक्कल नसावे. बांबूची तासलेली काडी, पतंगाचा कागद आणि रबर एवढ्यावर पेनोसारखे विमान होते. ते वाऱ्याविना बंद दालनात उडवावे. मग मधोमध एक-एक ग्रॅम चिकणमाती लावत जावे, रबराला दर वेळी तेवढेच पीळ द्यावेत आणि घड्याळ लावून सेकंद मोजावेत. ‘कब’ त्यानंतर.