प्रतिस्पर्धी कोण? : ‘कॅन-आय-बस’चे पुनर्मूल्यांकन

अमेरिकेतील काळ्यांच्या साहित्याशी आपले नाते सांगण्याची परंपरा आता अर्धशतकाहून जुनी झाली आहे. १९६६ साली ओकलंडमध्ये ब्लॅक पँथर पक्ष निघाला आणि १९७२ साली मुंबईत दलित पँथर. डॉ. म. ना. वानखडे, जनार्दन वाघमारे यांच्यासारख्या अभ्यासकांनी काळ्यांच्या साहित्याचा परिचय मराठी वाचकाला करून दिला. मात्र या नात्यात एक उणीव राहिली, असे मला वाटते. काळ्या कलावंतांचे जे श्रेष्ठ ठरले ते आपण उचलले. त्यांचे जे फसले ते का फसले, याची चिकित्सा आपण फारशी केली नाही. ज्यांच्याशी भावकी सांगावयाची त्यांच्या अपयशातूनही शिकावयास हवे. म्हणून मी येथे एका फसलेल्या कलाकृतीचा विचार करणार आहे. कॅनिबस या रॅपरची ‘कॅन-आय-बस’ ही पहिली स्वतंत्र ध्वनिमुद्रिका सप्टेंबर १९९८ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्या आधी जेवढा गाजावाजा झाला, तेवढा त्या काळात फार थोड्या नवोदितांच्या वाट्याला आला असेल.

कॅनिबसचे मूळ नाव जर्मेन विल्यम्स. जन्म १९७४, जमैका. लहानपणीच तो आईबरोबर अमेरिकेत आला आणि या शहरातून त्या शहरात फिरत वाढला. रॅपची सुरुवात जिथून मानतात ती न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधील १९७३ची मेजवानी. तेथे तबकड्या वाजविणारा कूल हर्क हाही जमैकातूनच आलेला होता. महामार्गासाठी उखडलेल्या, जळक्या इमारतींच्या त्या वस्तीत दुसऱ्याच्या तबकडीवरचा ताल आणि स्वतःचे तोंड एवढ्याच भांडवलावर ही कला उभी राहिली. वाद्य विकत घेण्याची ऐपत नसलेल्यांची ही कला आहे. आपल्या शाहिराला आणि जलसाकाराला ती परकी वाटू नये.

कॅनिबसचे नाव झाले ते दुसऱ्यांच्या गाण्यांतून. १९९७ साली लॉस्ट बॉइज, कॉमन आदींच्या ध्वनिमुद्रिकांत त्याने एकेक कडवे म्हटले आणि मूळ गायकापेक्षा पाहुण्याचीच चर्चा अधिक झाली. त्याच साली एलएल कूल जे या ज्येष्ठ रॅपरने ‘४, ३, २, १’ या गाण्यात त्याला बोलाविले. कूल जेच्या दंडावर मायक्रोफोन गोंदलेला आहे. तो मला उसना दे, अशा अर्थाची ओळ कॅनिबसने म्हटली. ज्येष्ठाला ती झोंबली. त्याने ती बदलावयास लावली, पण स्वतःचे टोमण्याचे कडवे मात्र तसेच ठेवले. १९९८ मध्ये कॅनिबसने ‘सेकंड राउंड के.ओ.’ या गाण्यातून त्याला उत्तर दिले. त्यात मुष्टियोद्धा माइक टायसनचाही आवाज होता. कूल जेने प्रत्युत्तर दिले आणि भांडण रंगले.

ज्याने कलगी-तुऱ्याचा फड पाहिला आहे त्याला हे सारे ओळखीचे वाटेल. एकाने कूट घालावे, दुसऱ्याने ते सोडवून उलट कूट घालावे, हरणाऱ्याने मान खाली घालावी. हजरजबाब, शब्दसाठा आणि दमसास यांची ती परीक्षा असते, आणि या परीक्षेत कॅनिबस खरोखरच अव्वल होता. एका ओळीत तीन-तीन ठिकाणी यमक जुळविणे, विज्ञानातील आणि लष्करातील शब्द तालात बसविणे, श्वास न तुटू देता उपमांची सरबत्ती करणे, यात त्याला तोड देणारे थोडेच होते. ही त्याची ताकद नाकारून केलेली टीका प्रामाणिक ठरणार नाही.

मग मुद्रिका आली. अमेरिकेच्या विक्रीयादीत ती पहिल्याच आठवड्यात दुसऱ्या क्रमांकावर पोहोचली. पुढे तिला पाच लाख प्रतींचा ‘गोल्ड’ दर्जाही मिळाला. पण ऐकणाऱ्यांचा विरस झाला, समीक्षकांनी नाके मुरडली आणि कॅनिबसचे नाव ‘वाया गेलेला’ या शब्दाबरोबर घेतले जाऊ लागले.

मी ही सुमारे तासाभराची मुद्रिका अलीकडे पुन्हा क्रमाने ऐकली. तिचे पहिले दुखणे घडणीचे आहे. पाहुण्याच्या एका कडव्यात सोळा ओळी असतात. तेवढ्यात भाता रिता करून निघून जाता येते. संपूर्ण मुद्रिकेला मात्र अनुभवविश्व लागते. बोलणारा कोण, तो कोठे उभा आहे, त्याने काय सोसले, हे हळूहळू उलगडावे लागते. येथे गाण्यामागून गाणे ‘माझ्यासारखा मीच’ एवढेच सांगत राहते. उपमा बदलतात, आशय बदलत नाही. वायक्लेफ जाँ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी रचलेले संगीतही पुष्कळ ठिकाणी सपक आहे. शब्द धावतात आणि ताल मागे रेंगाळतो.

तरीही काही जागा अस्सल आहेत. ‘आय ऑनर यू’ हे आईसाठीचे गाणे आहे. फडातली ऐट तेथे गळून पडते आणि एक मुलगा बोलू लागतो. ‘चॅनल झीरो’मध्ये सरकार आपल्यापासून काही लपवीत आहे, हा संशय आहे. काळ्या माणसाच्या तोंडी हा संशय वेडगळ नाही. टस्कीगी येथे १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षे सरकारी आरोग्य खात्याने उपदंश झालेल्या काळ्या पुरुषांना उपचाराविना ठेवून त्यांचा अभ्यास केला. एवढा जळजळीत इतिहास हाताशी असताना कॅनिबस उडत्या तबकड्यांकडे आणि परग्रहवासीयांकडे वळतो. आणखी एका गाण्याच्या शीर्षकात त्याने काळ्यांना हिणविणाऱ्या शिवीला त्रिकोणमितीची जोड दिली आहे. शिवी उलटवून अंगावर मिरविण्याची ही रीत आपल्या कवितेलाही परिचित आहे. परंतु शिवी उलटविल्यावर ती ज्याने दिली त्याच्याकडे पाहावे लागते. या गाण्यात ती नजर नाही.

त्याच वर्षीच्या दोन पहिल्या मुद्रिकांशी ताडून पाहू. ‘४, ३, २, १’मध्ये कॅनिबसच्या शेजारीच गाणाऱ्या डीएमएक्सची पहिली मुद्रिका मे १९९८ मध्ये आली. शब्दकौशल्यात तो कॅनिबसपेक्षा साधा. पण त्याच्या आवाजात भीती होती, पाप होते, देवाशी भांडण होते. वायक्लेफच्याच फ्यूजीज संघातील लॉरिन हिलची पहिली स्वतंत्र मुद्रिका ऑगस्टमध्ये आली. तिने आपले मातृत्व, प्रेमभंग आणि शिक्षण यांतून एका काळ्या स्त्रीचे जग उभे केले. १९९९ साली तिला पाच ग्रॅमी पुरस्कार मिळाले. तिघांचा काळ एक, बाजार एक. म्हणून सारा दोष बाजारावर ढकलता येत नाही, आणि पुढे कॅनिबसने केले तसा सारा दोष वायक्लेफवर तर नाहीच नाही.

तथापि बाजाराला निर्दोष सोडणेही मला मान्य नाही. ही मुद्रिका काढणारी युनिव्हर्सल कंपनी त्या वेळी सीग्रॅम या दारू गाळणाऱ्या कंपनीच्या मालकीची होती. १९९८ संपता संपता सीग्रॅमने पॉलिग्रॅमही विकत घेऊन जगातील सर्वांत मोठा संगीतव्यवसाय उभा केला. अशा मालकाला काळ्याच्या क्रोधाची अडचण नसते. तो क्रोध दुसऱ्या काळ्यावर निघाला की तर तो खपतोच. टायसनची निवडही बोलकी आहे. ब्राउन्सव्हिलच्या दारिद्र्यातून आलेल्या या माणसाच्या मुठी बाजाराने वर्षानुवर्षे विकल्या. गाणे आले तेव्हा होलीफिल्डच्या कानाचा चावा घेतल्याबद्दल त्याचा परवाना काढून घेतलेला होता. खऱ्या रिंगणात बंदी असलेला मल्ल शब्दांच्या रिंगणात विक्रीसाठी उभा केला गेला.

येथे मला आपला जलसा आठवतो. सत्यशोधकांनी आणि नंतर आंबेडकरी जलसाकारांनी तमाशाचाच साचा घेतला. पण सवाल-जवाबाचा रोख ब्राह्मण्याकडे वळविला. भीमराव कर्डक आणि वामनदादा कर्डक हे शब्दांचे खेळिये नव्हते असे कोण म्हणेल? पण त्यांच्या शब्दाला कोणाशी लढावयाचे ते ठाऊक होते. कॅनिबसपाशी शस्त्र होते आणि नेमही होता. त्याने शत्रू मात्र चुकीचा निवडला, किंवा त्याच्यासाठी तो दुसऱ्यांनी निवडला.

त्याची पुढची वाटचाल हेच सांगते. २००२ साली तो सैन्यात भरती झाला. २००३ साली एकाच संगीतकाराबरोबर केलेली त्याची ‘रिप द जॅकर’ आली; तिला अनेक जाणकार त्याची उत्तम कृती मानतात. तेव्हा गाजावाजा करणारे कोणीच उरले नव्हते. २०१२ साली डिझास्टर या रॅपरशी झालेल्या जाहीर सामन्यात त्याची स्मृती दगा देऊ लागली आणि त्याने सर्वांसमोर वही काढून वाचावयास सुरुवात केली. लोक हसले. मला त्यात हसण्यासारखे काही दिसत नाही. ज्याला आयुष्यभर फक्त फड जिंकावयास शिकविले गेले, त्याच्या वहीत काय आहे हे कोणाला ऐकावयाचेच नव्हते.

आज चेन्नईच्या ‘कास्टलेस कलेक्टिव्ह’पासून महाराष्ट्रातील वस्त्यांपर्यंत जातीविरुद्ध रॅप म्हणणारी तरुण पिढी उभी आहे. २०१९ साली मुंबईच्या रॅपवर हिंदी चित्रपट निघाला आणि बाजाराने या वस्त्यांचा पत्ता शोधून काढला. एका गाण्यावर कोणाला ‘समाजाचा आवाज’ ठरविले जाईल, सोळा ओळींच्या जोरावर मोठा करार हाती दिला जाईल. आत्मकथनांच्या बाबतीत हे आपण पाहिले आहे : पहिल्या पुस्तकाला हारतुरे, दुसऱ्याला मौन. ‘आपला माणूस आहे, टीका कशाला?’ असे म्हणणारे कार्यकर्ते त्या तरुणाचे हित करीत नाहीत. बाजार त्याला ‘पुढचे भांडण कोणाशी?’ असे विचारील. ‘तुझ्या आईचे काम काय, तुझ्या वस्तीची जमीन कोणी घेतली, हे तू कधी लिहिणार?’ हे त्याला विचारावयाचे काम आपले आहे, आणि ते त्याची पहिली मुद्रिका निघण्यापूर्वी व्हावयास हवे.