ऋतुचक्रांतील वृक्ष

दुर्गा भागवत यांचें 'ऋतुचक्र' १९५६ सालीं प्रसिद्ध झालें. तें आम्हीं नुकतेंच एडवण येथें पुन्हां वाचलें. बारा महिन्यांतलीं झाडें इतक्या बारकाईनें पाहणारा दुसरा ग्रंथ मराठींत आम्हांस ठाऊक नाहीं. तरी या वेळीं एक गोष्ट खटकली. तेथें ऋतु येतो व झाड त्यास फुलून उत्तर देतें. झाडही ऋतु घडवितें, ही कल्पना आम्हांस तेथें आढळली नाहीं. एडवणच्या किनाऱ्यावर याचें कांहींच वाटत नाहीं, कारण मेघ समुद्रावरून येतांना डोळ्यांना दिसतात. परंतु आमेझॉनच्या खोऱ्यांतील सुमारें निम्मा पाऊस अरण्यानेंच बाष्परूपानें परत दिलेल्या पाण्याचा असतो, असें सालाती प्रभृतींनीं १९७९ सालीं दाखविलें. सह्याद्रीच्या वनांतून निघणारें बाष्प तमिळनाडूच्या पावसास हातभार लावतें, असें मुंबईच्या आय.आय.टी.तील संशोधकांना २०१८ सालीं आढळलें. दुर्गाबाईंस १९५६ सालींच हें ठाऊक असावयास हवें होतें, असें म्हणणें अन्यायाचें (आणि प्राध्यापकी आढ्यतेचें) होईल. दोष आजच्या कित्येक ललितनिबंधकारांचा आहे. जव्हार-मोखाड्याकडील जंगल विरळ झाल्याचें ते हळहळून लिहितात, आणि पुढच्याच परिच्छेदांत आषाढाचा पाऊस ठरल्या दिवशीं आणून सोडतात.