गणवेश मिळाला, ड्यूटी कुठे आहे?

मराठी प्रेमकथेत सध्या गणवेशाची साथ आली आहे. फोनवर रोज एक भाग टाकणाऱ्या धारावाहिका उघडाव्यात, तर नायिका आयपीएस, नाहीतर लष्करातली डॉक्टर. पहिल्या भागात ती जीपमधून उतरते आणि दोन टवाळांच्या कानाखाली काढते. तिसऱ्या भागात अब्जाधीश नायक समोर येतो, हिची छाती धडधडते आणि त्यानंतर ठाणं, पंचनामा, बंदोबस्त यांपैकी काहीही वाचकाच्या कानावर येत नाही. टीव्हीवर तेच. 'फुलाला सुगंध मातीचा'मधली कीर्ती आयपीएस व्हायला निघाली, पण मालिकेचा सगळा जीव सासूबाईंच्या, जीजी अक्कांच्या होकारात अडकलेला. त्याआधी 'लागिरं झालं जी'तला अज्या फौजेत गेला, तेव्हा शीतलीनं वाट पाहायची हे कुणालाही समजावून सांगावं लागलं नाही. पुरुषाची नोकरी ही प्रेमकथा, बाईची नोकरी हा कौटुंबिक प्रश्न!

आगीच्या बंबावरची नायिका या बाजारात अजून नीट आलेली नाही. येईल, आणि आली की तिची काय गत होईल ते आत्ताच सांगतो. जळत्या इमारतीतून ती नायकाला खांद्यावर टाकून आणेल. शुद्धीवर आल्यावर तो तिच्या काजळीनं माखलेल्या गालावर भाळेल. लग्न ठरलं की त्याला तिची काळजी वाटू लागेल आणि शेवटच्या भागात ती राजीनामा देईल. अमेरिकी प्रेमकादंबऱ्यांनी उघड्या छातीचा अग्निशामक विकला, आपण ओल्या केसांची विकू. प्रगती म्हणायची ती एवढीच.

खरी बाई मात्र कधीच पुढे निघून गेली. नागपूरच्या हर्षिनी कान्हेकर यांनी २००२ मध्ये राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयात पाऊल टाकलं. तिथं शिकलेल्या त्या पहिल्या स्त्री, आणि देशातल्या पहिल्या महिला अग्निशामक म्हणून त्यांची नोंद झाली. पुढे त्या ओएनजीसीत गेल्या. मुंबईच्या दलातही बायका भरती झाल्या. दोन दशकं उलटली. कादंबरी कुठे आहे?

ती नाही, कारण मराठी प्रेमकथेला काम लिहायची सवयच नाही. फडक्यांनी नायिकेला बाग दिली, टेनिस दिलं आणि अमाप मोकळा वेळ दिला. खांडेकरांनी ध्येय दिलं. ध्येयाला पगार नसतो. चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' १९६२च्या 'रंभा' दिवाळी अंकात आली नि अश्लीलतेच्या आरोपावरून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. न्यायालयानं त्यांना १९६९ मध्ये सोडलं, समीक्षेनं अजून सोडलेलं नाही. शकुंतला गोगटे, शैलजा राजे, कुसुम अभ्यंकर वाचनालयांत झिजेस्तोवर वाचल्या गेल्या, हीच त्यांची समीक्षा. गौरी देशपांड्यांच्या नायिकेला मन आहे, देह आहे, पासपोर्ट आहे. तिच्या हजेरीवर लाल रेघ मारणारा साहेब मात्र नाही. कविता महाजनांच्या 'ब्र'मध्ये काम धो धो आहे, प्रेमाला रजा आहे.

काम आणि प्रेम एका खोलीत राहिलं ते 'सैराट'मध्ये, तेही उत्तरार्धात. लोकांना 'झिंगाट' आठवतं, आर्चीची बुलेट आठवते, ट्रॅक्टर आठवतो. मला हैदराबाद आठवतं. पाटलाची पोर झोपडपट्टीत येते, तिथल्या संडासाला बिचकते, कारखान्यात बाटल्यांच्या कामाला लागते, तेलुगू शिकते. परशा गाड्यावर डोसे घालतो. तिला पगार मिळू लागतो, चार माणसं ओळखीची होतात, आणि नेमका तिथंच त्याच्या मनात संशय शिरतो. तो हात उचलतो, ती निघून जाते, परत येते. पहिल्या अर्ध्या भागात होतं ते आकर्षण. प्रेम इथं सुरू होतं, थकव्यात, भांडणात, पगाराच्या पैशांत. नागराज मंजुळ्यांनी पडद्यावर दाखवलेली ही वाट २०१६ पासून मोकळी पडली आहे. कथालेखक तिच्यावरून चालायला तयार नाहीत, कारण बुलेटची नक्कल सोपी असते, बाटल्यांच्या कारखान्याची नसते.

अग्निशमन दलाचं काम तर प्रेमकथेसाठीच घडवल्यासारखं आहे. धुरात एकट्यानं शिरायचं नसतं, जोडीदार लागतो. पाठीवरच्या सिलिंडरमधली हवा संपत आली की शिट्टी वाजते, आणि एकाची वाजली तरी दोघांनी मिळूनच मागे फिरायचं असतं. चंद्र-चांदणं बाजूला ठेवा, विश्वासाचा याहून मोठा प्रसंग कोणत्या लेखकाला सुचेल? आणि दलाला येणारी वर्दी रोज आगीचीच नसते. झाड पडलेलं, विहिरीत कुणी उतरलेलं, लिफ्ट अडकलेली. मग एखादी रात्र ९ जानेवारी २०२१ची असते : भंडाऱ्याचं जिल्हा रुग्णालय, आगीत गेलेली दहा नवजात बाळं. अशा पाळीवरून घरी आलेल्या बाईला जवळ कसं घ्यायचं, तिच्याशी काय बोलायचं, की बोलायचंच नाही? प्रेमकथेनं हा प्रश्न घ्यायचा नाही तर कुणी घ्यायचा?

इथं माझे लेखक मित्र म्हणतात, आपल्या गावाकडे हे कुठलं? कुंभार पिंपळगावात बसून मी उलट विचारतो, नाही कसं? इथल्या उसाच्या पट्ट्यात तारांच्या ठिणगीनं फड पेटतात. बंब पोचेपर्यंत शेजारीपाजारी हिरव्या फांद्यांनी झोडपत राहतात, आणि जळालेल्या उसाला कारखाना कपात लावतो. पहाटे रस्त्यावर भरतीसाठी धावणाऱ्या पोरी आहेत. मुंबईत राज्य अग्निशमन प्रशिक्षण केंद्राचा सहा महिन्यांचा अग्निशामक पाठ्यक्रम आहे. नायिका इथंच आहे. आमच्याच घनसावंगी तालुक्यातल्या जांब समर्थच्या राजकुमार तांगड्यांनी 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' हे नाटक लिहून पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकाला खुर्चीत नीट बसायला लावलं. तेव्हा 'गावाकडे विषय नाही' ही सबब संपली.

खरी अडचण नायिकेची नाहीच, नायकाची आहे. १४ एप्रिल १९४४ला मुंबई गोदीच्या स्फोटांत ६६ अग्निशामक गेले, मे २०१५मध्ये काळबादेवीच्या आगीत दलाच्या प्रमुखांसह चार अधिकारी गेले. दोन्ही वेळी वाट पाहत घरात बसलेल्या बायका होत्या. ओवीपासून मालिकेपर्यंत विरह आपण बाईच्याच नावे लिहून ठेवला आहे. बंबावर ती गेली की घरी तो उरतो. ताट झाकून ठेवणारा, फोन न लावता थांबणारा, ती सुखरूप परतल्यावर 'सोड ही नोकरी' असं न म्हणणारा पुरुष. हा पुरुष मराठी लेखकाला रेखाटता येत नाही, आणि संपादकांना तो खपेल असं वाटत नाही. मुलींना तो हवा आहे. भरतीच्या रांगेतल्या कुठल्याही मुलीला विचारा. म्हणून दिवाळी अंकांच्या संपादकांना माझं सांगणं आहे : धाडसी नायिका पुष्कळ झाल्या, त्यांच्या कथा परत पाठवा. वाट पाहणं जमणारा नायक जो लिहून आणेल, त्याला पानं द्या, मानधनही दुप्पट द्या. तोवर नायिकेच्या अंगावरचा गणवेश हे नुसतं भाड्यानं आणलेलं कापड आहे.