‘मला समजलं’ आणि ‘मी समजलो’

एडमंड गेटिअर यांचा १९६३ साली ‘अ‍ॅनालिसिस’मध्ये आलेला निबंध जेमतेम तीन पानांचा. एखादी समजूत खरी असेल आणि तिला पुरेसा आधार असेल तर ते ज्ञान, ही व्याख्या त्यांनी दोन उदाहरणांत मोडीत काढली. ती दुरुस्त करण्यात इंग्रजीतल्या ज्ञानमीमांसेची पुढची कित्येक वर्षे गेली. मराठीत या व्याख्येसाठी ‘समर्थित सत्य विश्वास’ अशी त्रिपदी हाताशी येते, आणि अनुवादक म्हणून माझी तक्रार तिथूनच सुरू होते. मराठीत विश्वास माणसावर असतो, देवावर असतो. बस पाचला सुटते यावर कोणी विश्वास ठेवत बसत नाही. तसे वाटते, किंवा तशी समजूत असते. आणि समर्थन करतात ते बहुधा कृत्य उरकल्यावर, तेही नको त्या कृत्याचे. तीनपैकी दोन शब्द असे घसरले, तर जे हाती येते त्याला अनुवाद म्हणणे कठीण आहे.

गेटिअरचे पहिले उदाहरण मराठीत आणून पाहू. स्मिथ आणि जोन्स एकाच नोकरीचे उमेदवार. नोकरी जोन्सला मिळणार असे स्मिथला खात्रीलायकरीत्या कळले आहे, आणि जोन्सच्या खिशातली दहा नाणी त्याने मोजली आहेत. म्हणून तो निष्कर्ष काढतो: ज्याला नोकरी मिळेल त्याच्या खिशात दहा नाणी आहेत. प्रत्यक्षात नोकरी स्मिथलाच मिळते, आणि त्याच्या नकळत त्याच्याही खिशात दहा नाणी असतात. निष्कर्ष खरा, आधारही होता, तरी याला ज्ञान कोण म्हणेल?

इंग्रजीत हा डोलारा ‘द मॅन’ या दोन शब्दांवर उभा आहे. स्मिथच्या मनात त्या शब्दांत जोन्स आहे. व्याकरणाच्या लेखी मात्र ज्याला नोकरी मिळेल तो कोणीही. मराठीच्या ‘जो-तो’ रचनेत हे दोन अर्थ इतक्या सहज एकत्र राहत नाहीत. ‘ज्याला नोकरी मिळेल त्याच्या’ म्हटले की ‘मग तो कोणी का असेना’ हे लगेच ऐकू येते, आणि स्मिथ असे कशाला म्हणेल, हा प्रश्न वाचकाला पडतो. तो सरळ ‘जोन्सच्या खिशात’ म्हणाला असता. हा मराठीचा कमकुवतपणा आहे असे मला वाटत नाही. मुळात कुठे शिवण घातली होती ते यातून दिसते.

यापुढची अडचण क्रियापदाची आहे, आणि मला ती जास्त मोलाची वाटते. ‘बँक बंद आहे असं मला समजलं’ म्हटले तर बँक बंद आहेच. ‘मी समजलो बँक बंद आहे’ म्हटले तर ऐकणारा ओळखतो की बँक उघडी होती. धातू एकच, कर्त्याची विभक्ती बदलली आणि वाक्यातले जगही बदलले. (‘काय समजायचं ते मी समजलो’ हा प्रयोग वेगळा, तिथे ‘की’ने जोडलेले विधान नाही.) मग स्मिथबद्दल काय म्हणायचे? ‘त्याला माहीत होतं’ चालणार नाही. ‘तो समजत होता’ही चालणार नाही, कारण त्यात चुकीचा वास आहे आणि त्याचे म्हणणे तर खरे ठरले. उरते ‘त्याला वाटलं ते बरोबर निघालं’. यातल्या ‘निघालं’मध्ये नशिबाचा वाटा मोजलेला आहे. जे सांगायला गेटिअरना दोन गोष्टी रचाव्या लागल्या ते हे क्रियापद जाता जाता सांगते.

शेजारच्या भाषांत हीच हालचाल दिसते. हिंदीत ‘मैं समझा आप चले गए’ म्हणणाऱ्यासमोर ती व्यक्ती उभी असते. तमिळमध्ये ‘एनक्कुत् तेरियुम्’, कन्नडमध्ये ‘ननगे गोत्तु’: माहीत असणे चतुर्थीत. ‘नान् निनैत्तेन्’, ‘नानु अंदुकोंडे’: मानणे प्रथमेत. अर्थात चतुर्थी आली की सत्य आले, असा नियम करता येत नाही. मराठीतले ‘मला वाटलं’ तो लगेच मोडते.

या विषयावर हटकून ऐकू येणारे वाक्य म्हणजे ‘हे आमच्याकडे आठशे वर्षांपूर्वीच होते’. होते, हे खरे. बाराव्या शतकातल्या श्रीहर्षाने ‘खण्डनखण्डखाद्या’त मुठीतल्या कवड्यांचे उदाहरण दिले आहे: किती आहेत विचारले, समोरचा अंदाजाने ‘पाच’ म्हणाला आणि पाचच निघाल्या. धुके धूर समजून डोंगरावर अग्नी आहे असे कोणी म्हणावे आणि तिथे खरोखर अग्नी असावा, हेही त्याच जातीचे. पण श्रीहर्षाला व्याख्या दुरुस्त करायची नव्हती. प्रमेची कोणतीच व्याख्या टिकत नाही हे दाखवायचे होते. शिवाय बिमलकृष्ण मतिलाल यांनी ‘पर्सेप्शन’मध्ये (१९८६) स्पष्ट केल्याप्रमाणे न्यायदर्शनातले ज्ञान ही क्षणात घडणारी घटना आहे, आणि ती खोटीही असू शकते. खरी असेल ती प्रमा. म्हणजे ‘नॉलेज’ला ‘ज्ञान’ हा प्रतिशब्द देताच आपण नैयायिकांच्या तोंडी त्यांचा नसलेला प्रश्न घालतो. ‘कळणे’ हे मराठी क्रियापद या घटनेच्या जास्त जवळ जाते. मतिलालांचे वाचक असूनही आपण ज्ञान-नॉलेज ही जोडी सोडत नाही, याचे मला नवल वाटते.

हे सगळे वर्गातच राहिले असते तर मी एवढा हटून बसलो नसतो. मराठीत दिलेला जबाब उच्च न्यायालयात इंग्रजी होऊन पोहोचतो. ‘मला असे समजले की’ हे त्यातले नेहमीचे वाक्य. कोणी सांगितले म्हणून समजले, की स्वतः पाहून उमगले? तोंडी पुरावा प्रत्यक्ष असावा ही अट १८७२ च्या कायद्यात होती, २०२३ च्या साक्ष्य अधिनियमातही आहे. म्हणजे इंग्रजी क्रियापद निवडणारा अनुवादक ऐकीव आणि पाहिलेले यांमध्ये रेघ ओढत असतो. ‘मी समजलो घरात चोर शिरलाय’ हे तर आरोपीच्या तोंडचे वाक्य. पुरेशी काळजी घेऊनही वस्तुस्थितीबाबत झालेली प्रामाणिक चूक हा कायद्याने मानलेला बचाव आहे: साधार, पण खोटी समजूत. मराठीत ती चूक क्रियापदातच कबूल केलेली असते. ‘अंडरस्टूड’ लिहिले की चोर खरोखर शिरला होता असा दावा तयार होतो, आणि तो खोटा ठरवणे सरकारी वकिलाला अवघड जात नाही.